मंजुरी येईपर्यंत

सांगली, ९ जानेवारी २०२६

ऋषीबाळा,

ई-मेल करतेय, कारण फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस. परवा मी एकटीच इतका वेळ बोलत होते की शेवटी शेजारच्या लीलाबाई डोकावून म्हणाल्या, “फोन लागलाय न्हवं?” तेव्हा आता लिहू. लिहिलेल्याला तुला उत्तर द्यावंच लागेल.

आधी मला एक समजावून सांग. तुझी बायको थायलंडची, लेक थायलंडमध्ये, भाड्याचं का होईना घर थायलंडमध्ये, आणि तू थायलंडचा व्हिसा काढायला लाओसमध्ये जाऊन बसलायस. तोही ऑनलाइन! ऑनलाइन म्हणजे घरबसल्या, एवढं मलाही कळतं. सातबारा मी घरात बसूनच काढते. मग मोबाइलवर बोटं फिरवायला दुसरा देश कशाला लागतो? तुझे दाजी म्हणाले, काहीतरी घोळ करून ठेवला असणार. मी म्हटलं, माझा भाऊ घोळ करणाऱ्यातला नाही, न सांगता करणाऱ्यातला आहे. लग्नाचा टोमणा आहे, कळला असेल.

आप्पांना कोरेगावच्या दवाखान्यातून घरी आणलंय. पायांची सूज उतरली, धाप अजून आहे. जयदादा आणि वहिनी सगळं करतात. चुलतभाऊ असून सख्ख्यासारखं करतो, हे मी त्याच्या तोंडावर बोलत नाही. आधीच त्याची मिशी एवढी वाढलीय की येत्या निवडणुकीत ती एकटी उभी राहिली तरी निवडून येईल.

हळदीचे सौदे सुरू झाल्यामुळे दाजी घरी फक्त जेवायला येतात. मी पुढच्या शनिवारी गावी जाईन. आप्पा सहा वर्षं तुझ्याशी बोललेले नाहीत, पण मी गेले की पहिलं विचारतात, “त्येचं काय?” नाव घेत नाहीत. मी काय सांगू?

तुझी ताई


व्हिएन्टिआन, ११ जानेवारी

ताई,

घोळ नाही, नियम आहे. रायोंगचा कारखाना बंद झाला तेव्हा नोकरीबरोबर माझा तिथे राहण्याचा परवानाही संपला. देशाबाहेर पडावं लागलं. आता बायकोच्या नात्यावर नवीन व्हिसा काढायचा. अर्ज वेबसाइटवर भरायचा, पण भरणारा त्या वकिलातीच्या देशात हजर पाहिजे. त्याचा पुरावा म्हणून लाओसचा शिक्का अपलोड करायचा. मंजुरी येईपर्यंत इथून हलायचं नाही. हललो तर अर्ज बाद.

लाओस यासाठी, की नॉयचं माहेर सरहद्दीजवळ उदोनला आहे. पुलावरून दीड-दोन तासांत ती येऊ शकते. उदोनमध्येच पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याने मला घ्यायचं कबूल केलंय. फेब्रुवारीअखेर कागद दाखवले तर जागा माझी. नाहीतर दुसऱ्याची.

लग्नाचा दाखला, नॉयच्या घराची नोंद, मीनाचा जन्मदाखला, बँकेचा हिशेब, फोटो, सगळं चढवलंय. स्थितीच्या जागी ‘प्रलंबित’ असं येतं. रोज सकाळी उघडून बघतो. मग कॉफी घेतो. मग नदीवर जातो. नदीपलीकडे थायलंड दिसतं, गाड्या जाताना दिसतात. बाकी काही नाही.

आप्पांना सांग, बरा आहे.

ऋषी


कोरेगाव, १८ जानेवारी

ऋषी,

‘बरा आहे’ सांगितलं. आप्पा म्हणाले, “बरा असणारच. बिनकामाचा बसलाय.”

मग मी तुझा मेल मोठ्याने वाचून दाखवला. ‘मंजुरी येईपर्यंत हलायचं नाही’ इथे त्यांनी हात वर केला आणि तेवढंच परत वाचायला लावलं. तुझा व्हिसा सगळ्या घरात एकट्या त्यांनाच कळला बघ. दाजींना मी चार वेळा समजावला तरी डोक्यात शिरला नव्हता. आप्पा म्हणाले, “म्हंजे रजेचा अर्ज हाय. वर गेलाय, सही व्हायची हाय. तवर पोस्ट सोडायची न्हाई. सोपं हाय की.” तेव्हापासून घरात तुझ्या व्हिसाला रजा म्हणतात. वहिनीसुद्धा विचारते, भावजींची रजा झाली का.

त्यावरून त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी तरी पहिल्यांदा ऐकली. आजी गेली तेव्हा ते काश्मीरमध्ये वरच्या चौकीवर होते. तार पोचली, साहेबांनी रजाही दिली, पण बर्फाने रस्ता बंद. रस्ता उघडेपर्यंत ते तार खिशात घालून तिथेच पहारा देत राहिले. पलटणीतल्या न्हाव्याने बर्फात बसवून डोकं भादरलं, मिशी काढली. घरी आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. म्हणाले, “तार आली नसती तर बरं झालं असतं गं. कळून बसून ऱ्हाणं लय वाईट.” मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तर डोळे न उघडताच म्हणाले, “पोरीचं नाव मीना न्हवं? नाव तरी आपल्याकडचं हाय.”

ऋषी, सहा वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. बोलले असते तर त्यांनी विषय बदलला असता.

शेवटी तुला निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत: “रजा मंजूर झाली की आधी मला सांगायचं. माझ्याआधी कुनाला न्हाई.”

धाप वाढलीय. रात्री बसूनच झोपतात. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत.

ताई


व्हिएन्टिआन, २१ जानेवारी

ताई,

मेल वाचला. नंतर पुन्हा वाचला.

मीना हे नाव नॉयच्या भाषेत मार्च महिन्याचं असतं. ती मार्चमधली. हे आप्पांना सांगू नकोस. आपल्याकडचं आहे असंच राहू दे.

वकिलातीने एक कागद वाढवून मागितलाय, लग्नाच्या नोंदीची ताजी प्रत. नॉय तालुक्याच्या कचेरीतून काढून आणेल. तो चढवला की पुन्हा प्रलंबित.

डॉक्टर नीट सांगत नाहीत म्हणजे काय, ते मला कळतं. मी इथे बसून कळल्यासारखं करत नाही, एवढंच. मला काय वाटतं ते मला सांगता येणार नाही, कारण काही वाटतच नाही. भूक लागली की जेवतो. गेस्ट हाउसच्या पंख्याचा आवाज येतो, तो ऐकतो.

पण एक स्पष्ट लिहितो. तू ये म्हण, मी येतो. अर्ज बाद होईल, नोकरी जाईल, पुन्हा मुंबईतून पहिल्यापासून सुरू करावं लागेल. एकदा अर्ज अर्धवट सोडला तर पुढच्या वेळी जास्त खोदून विचारतात असं इथले लोक सांगतात. ते माझं मी बघेन. नॉयलाही विचारलं. ती म्हणाली, तुझे वडील आहेत, मला काय विचारतोस?

तू फक्त ये म्हण.

ऋषी


कोरेगाव, ४ फेब्रुवारी

ऋषी,

उत्तराला उशीर झाला. तुझे फोन येऊन गेले, पण इथे रेंजची बोंब आहे आणि माझ्या मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय, त्यामुळे व्हिडिओ कॉल होणार नाही. तू येऊ नकोस. आप्पा बरे आहेत. अर्ज पुरा होऊ दे. त्यांचंही हेच म्हणणं आहे.

मी अजून गावीच आहे. दाजी मधूनमधून येऊन जातात. सौद्यांची गडबड त्यांनी भावावर सोपवलीय. जेवणखाण साधंच चाललंय. थंडी गेली, दुपारी ऊन लागतं.

मीनाला जनावरं आवडतात असं तू मागे लिहिलं होतंस ना? आपली तांबडी गाय व्यायली. वासराचा फोटो जोडलाय, वहिनीच्या मोबाइलवरून काढला. जयदादाने धरलंय, नाहीतर ते एका जागी उभं राहत नाही. कपाळावर पांढरा ठिपका आहे बघ. त्याचं नाव मीनानेच ठेवू दे.

आणखी काय लिहू? तुझ्या कागदाचं कळव.

ताई


व्हिएन्टिआन, ७ फेब्रुवारी

ताई,

वासराचा फोटो मिळाला. मीनाला पाठवला. तिने वासराचं नाव दूध ठेवलंय. मी सांगितलं की दूध हे वासराचं नाव नसतं, पण ती ऐकत नाही.

नोंदीची प्रत चढवली. आता वकिलातीचं म्हणणं, माझ्या फोटोत मागे सावली आलीय. नवा फोटो द्यायचा. इथे कोपऱ्यावर स्टुडिओ आहे, काढून घेईन.

बाकी रोजचंच. आप्पांना विचार, विहिरीजवळचा आंबा मोहरला का. यंदा मोहर लवकर आहे असं कुठेतरी वाचलं.

ऋषी


कोरेगाव, १० फेब्रुवारी

ऋषी,

विचारलं. आप्पा म्हणाले, “मोहरलाय, पर धुकं पडलं तर समदा गळंल.” मग म्हणाले, त्याला आंब्याचं काय पडलंय, रजेचं बघ म्हणावं. मी हसले. तुला माहीतच आहे त्यांचं बोलणं.

सकाळी जरा अंगणात बसवलं होतं. चहा घेतला, बिनसाखरेचा म्हणून तोंड वाकडं केलं. दूध हे नाव सांगितल्यावर म्हणाले, “ठेवू द्या, पोरगीच हाय.”

फोटो दिलास का? लवकर दे बाबा. हे सगळं एकदाचं होऊ दे. मी थकलेय, ऋषी. का ते विचारू नकोस. असंच, घर आणि इथलं.

ताई


व्हिएन्टिआन, १५ फेब्रुवारी

ताई,

मंजूर झाला. फाइल जोडलीय. आप्पांनी आधी सांगायला सांगितलं होतं, म्हणून पहिल्यांदा तुलाच पाठवतोय. नॉयला अजून कळवलेलं नाही.

ऋषी


कोरेगाव, १६ फेब्रुवारी

ऋषी,

काल दुपारी तुझा मेल आला तेव्हा मी भांडी लावत होते. ‘मंजूर झाला’ एवढं वाचलं आणि तशीच ओल्या हातांनी आप्पांच्या खोलीत गेले. “आप्पा, रजा झाली,” असं मोठ्याने म्हणाले. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली आहे. ती मीच गुंडाळली होती.

मग बाहेर येऊन तुला सगळं सांगायला बसले. ते पत्र कधीपासून माझ्या डोक्यात लिहून तयार होतं. पहिल्यांदा अभिनंदन करायचं, मग हळूहळू सांगायचं, असं ठरवलं होतं. लिहिण्याआधी तुझी फाइल उघडली. तुझं नाव, पासपोर्टचा नंबर, आणि तुझा फोटो.

डोक्यावर केस नाहीत. ओठावर मिशी नाही.

जयदादाला बोलावलं. त्याने मोबाइल हातात घेतला, बघितला, आणि टोपी काढून खाली बसला. म्हणाला, “ह्येला कुनी सांगितलं?” मी म्हटलं, आपणच. वासराचा फोटो काढताना मी त्याला मुद्दाम टोपी घालायला लावली होती. मिशी माझ्या ध्यानातच आली नाही. इतके दिवस सगळ्या भावकीची तोंडं तशीच बघत होते ना, डोळ्यांना सवय झाली होती.

मला आधी तुझा राग आला. तुला माहीत होतं आणि तू मला आंब्याचा मोहर विचारलास! मी खोलीच्या दारात उभं राहून आप्पांच्या तोंडची उत्तरं जुळवत होते. चहा बिनसाखरेचा. पोरगीच हाय. ते लिहिताना मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. तेवढा वेळ ते असायचे.

आता नीट सांगते. आप्पा चोवीस जानेवारीला पहाटे गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. ‘तू ये म्हण, मी येतो’ हे दोनदा ऐकलं. म्हणाले, “येतो म्हणाला न्हवं? झालं मग.” थोड्या वेळाने म्हणाले, “येऊ नगं म्हणावं. आन् माझं काय झालं तरी मंजुरी येईस्तवर त्येला कळवू नगा. कळून बसून ऱ्हायचं मी केलंय. पोराच्या वाट्याला नगं.” मला हातावर हात ठेवून वचन द्यायला लावलं. जयदादालाही.

मडकं जयदादाने धरलं. दहावा माहुलीच्या संगमावर केला. पलटणीतले चार म्हातारे आले होते, त्यांनी सलामी दिली. भावकीच्या ग्रुपवर कुणी श्रद्धांजली टाकू नये म्हणून जयदादा घरोघर हात जोडून आला. चौकात फ्लेक्स लावू दिला नाही, कुणीतरी फोटो काढून पाठवेल म्हणून. सुभेदाराला फ्लेक्स नाही म्हणून गाव अजून आमच्यावर नाराज आहे. एवढं करून शेवटी मिशीनेच बिंग फोडलं.

आता तू कसा आहेस, ते लिही. ‘बरा आहे’ लिहू नकोस.

ताई


उदोन, १९ फेब्रुवारी

ताई,

परवा पूल ओलांडून इकडे आलो. कागद कारखान्यात दाखवले. जागा मिळाली, मार्चच्या मध्यापासून हजर व्हायचं आहे.

तू विचारलंस म्हणून लिहितो. फोटो चार तारखेला संध्याकाळी उघडला. वासरू बघितलं, मग जयदादाकडे लक्ष गेलं. त्याने आयुष्यात टोपी घातलेली मी पाहिलेली नाही, आणि मिशी तो एकाच कारणासाठी काढेल. मोबाइल उलटा ठेवला आणि जेवायला गेलो. भात आणि मासा होता. सगळा संपवला. चव लागत होती, याचं मला नवल वाटलं.

तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला खरं सांगावं लागलं असतं. तू येऊ नकोस लिहिलंस, तेव्हाच कळलं की हे तुझं नाही, आप्पांचं आहे. तुझं असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास. काश्मीरची गोष्ट तूच मला लिहिली होतीस. त्यांनी काय केलं ते मला समजलं. म्हटलं, त्यांचा हुकूम तू पाळतेयस तर आपण मध्ये येऊ नये. आणि खरं सांगू का, मोहराचं विचारलं ते उत्तर यावं म्हणूनच. ते उत्तर मी पुष्कळदा वाचलं. अगदी त्यांचंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी नदीजवळच्या न्हाव्याकडे गेलो. म्हातारा माणूस, माझी भाषा त्याला येत नाही, त्याची मला येत नाही. डोक्यावरून हात फिरवून सगळे काढ अशी खूण केली. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, “फो? मे?” बाप की आई. नॉयमुळे एवढे शब्द मला येतात. मी म्हणालो, फो. त्याने मान हलवली, आणि मी न सांगताच त्याने माझ्या मिशीला पाणी लावलं. नंतर नदीवर जाऊन आंघोळ केली. बाकी काय करायचं मला आठवलं नाही. आप्पांचं नाव घेतलं.

त्या रविवारी नॉय मीनाला घेऊन आली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पुलाजवळ बसमधून उतरली, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी तिथेच खाली ठेवली. तिच्याकडे बाप गेला की मुलगा डोकं भादरून एक दिवस भिक्खू होतो. तिने दोन्ही हात जोडले, मला नाही, जरा बाजूला, जिथे कुणी नव्हतं तिथे. मीना माझ्या डोक्यावर हात फिरवून हसत होती. परत गेल्यावर नॉयने देवळात अन्न दिलं. आप्पांचं नाव भिक्खूंना म्हणता येईना, म्हणून तिने कागदावर तिच्या लिपीत लिहून दिलं. ज्या सुनेला त्यांनी घरात घेतलं नाही, तिच्या हस्ताक्षरात आप्पासो.

नवा फोटो चढवला तर वकिलातीकडून विचारणा आली. हा माणूस पासपोर्टवरच्या माणसासारखा दिसत नाही, खुलासा करा. खाली चौकट दिली होती. त्यात इंग्रजीत लिहिलं की माझे वडील वारले आहेत, आमच्यात मुलगा केस काढतो. लिहून झाल्यावर बराच वेळ ते वाक्य बघत बसलो. न्हाव्याला मी फक्त एक शब्द सांगितला होता. पुरतं वाक्य पहिल्यांदा तिथे लिहिलं. मग सबमिट दाबलं. पुढे आणखी काही न विचारता मंजुरी आली.

आता माझं. मी बरा नाही, आणि वाईटही नाही. आतून काहीच हलत नाही. अजून रडलेलो नाही. नॉय म्हणते, घर बघितल्यावर येईल. मला माहीत नाही. नाही आलं तर लोकांसमोर कसं दिसेल, याचीही काळजी वाटत नाही.

सव्वीसला पुण्याला उतरतोय, तिघंही. नॉय आणि मीनाचा भारताचा व्हिसा ऑनलाइनच काढला, त्यांना कुठे जाऊन बसावं लागलं नाही. मी बाहेर पडण्याआधी परत येण्याची परवानगी काढून घेतलीय, नाहीतर हा व्हिसा जायचा. आप्पांना हे आवडलं असतं. रजेवर जाताना परत हजर व्हायचा कागद ते सगळ्यात आधी खिशात घालायचे.

जयदादाने माझ्या वाटचं सगळं केलं. त्याच्यासमोर उभं राहून मी काय म्हणू, ते सुचत नाही. सुचलं तर तू लिही.

आणि एक विचारायचं आहे. केस आता बोटाच्या पेराएवढेही नाहीत, पण मिशी उगवायला लागलीय. गावात मला त्या अवस्थेत कुणी बघितलेलं नाही. घरी येताना काढून येऊ, की आहे तशी राहू देऊ? आप्पा असते तर त्यांनाच विचारलं असतं. तू जयदादाला विचारून कळव.

ऋषी